पोस्टर कोणाच्या फायद्याचं आहे, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याच्या उपनगरात तुमची सोसायटी आहे आणि तुम्ही तिचे सचिव आहात. सोसायटीची कुंपणभिंत, समोरचे दिव्याचे खांब, महावितरणचे फीडर पिलर (रस्त्याकडेच्या वीजपेट्या), बसथांबा आणि रस्त्याकडेची झाडं या सगळ्यांवर क्लासेस, पेइंग गेस्ट, पेस्ट कंट्रोल, ‘त्वरित कर्ज’ असली पोस्टरं लागतात. चौकात वाढदिवसांचे फ्लेक्स वेगळेच. सभासद रविवारी जमून पोस्टरं काढतात आणि दोन-तीन दिवसांत नवी लागतात. महापालिकेच्या ॲपवर तक्रार केली की ‘निराकरण झाले’ असा मेसेज येतो आणि भिंत पुन्हा भरते. आता काही सभासद म्हणतात की पोस्टरवरच्या नंबरांवर फोन करकरून त्यांना हैराण करू, काही म्हणतात की प्रत्येक पोस्टरवर ‘बेकायदा’ असा स्टिकर मारू. यातलं काय करावं?

मी एका महापालिकेच्या आकाशचिन्ह (म्हणजे जाहिरात फलक) व परवाना विभागात निरीक्षक होते. नोकरीतला बराच काळ याच कामात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शहरागणिक खात्यांची नावं बदलतात, वॉर्डागणिक अधिकारी बदलतात, आणि पोस्टर कोणाच्या जागेवर आहे यावरही बरंच अवलंबून असतं. तेव्हा खालचं सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. पण कामाची दिशा सगळीकडे सारखीच ठेवता येते.

पोस्टरं काढायची कशी हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ती काढताच आहात. अडचण अशी की काढण्याने लावणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. क्लासचं एक छोटं पोस्टर छापायला किरकोळ खर्च येतो. खळीची बादली घेऊन एक मुलगा रात्रीत अख्खा गठ्ठा संपवतो. त्या गठ्ठ्यातून एक प्रवेश झाला तरी क्लासवाल्याचे पैसे वसूल होतात. निम्मी पोस्टरं चार दिवसांत फाटणार हे त्याने आधीच धरलेलं असतं, म्हणजे तुमची रविवारची मेहनत त्याच्या हिशेबात बसलेली आहे. हा हिशेब बिघडतो तो क्लासच्या पत्त्यावर नोटीस गेली आणि संचालकाला स्वतः क्षेत्रीय कार्यालयाची पायरी चढावी लागली तेव्हा. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे: जाहिरात ज्याच्या फायद्यासाठी लागली, त्याच्यापर्यंत पोचा.

कायदाही नेमका याच अंगाने लिहिलेला आहे. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम आहे. लोकांच्या नजरेस पडणारी भिंत, कुंपण, खांब, झाड, पुतळा हे सगळं त्यात येतं. जागा खासगी असली तरी रस्त्यावरून दिसत असेल तर तीही येते. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पोलीस ठाण्यात पुष्कळदा अदखलपात्र नोंद करून पाठवायचा कल असतो. या कायद्यातली सर्वांत उपयोगाची तरतूद कलम ३ मध्ये आहे. पोस्टर प्रत्यक्ष कोणीही चिकटवलेलं असो, ज्याच्या फायद्यासाठी ते लागलं ती व्यक्तीही दोषी धरली जाते. कंपनी किंवा संस्था असेल तर तिचे संचालक, अध्यक्ष यांच्यापर्यंत हे जातं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपली संमती नव्हती, हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची. याशिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची २४४ आणि २४५ ही कलमं आहेत, मुंबईत १८८८ च्या कायद्यातलं ३२८ आणि ३२८अ. ही परवानगीविना लावलेल्या आकाशचिन्हांची आणि जाहिरातींची कलमं, आणि फ्लेक्स-फलकांवर पालिका मुख्यतः यांखालीच कारवाई करते.

दोन हजारांच्या दंडाला कोण घाबरतं, असं तुम्ही म्हणाल. रकमेला कोणीच घाबरत नाही. पण पोलीस ठाण्यातून फोन येणं, जबाब द्यायला जावं लागणं, आपलं नाव गुन्ह्यात येणं, या गोष्टी चालू धंदा असलेल्या माणसाला नको असतात. माझ्या हद्दीत एखाद्या क्लासवर खरोखर गुन्हा दाखल झाला की आसपासच्या क्लासची पोस्टरं काही दिवस आपोआप कमी व्हायची. एकमेकांना कळवत असावेत.

आता ॲपवरच्या तक्रारींचं. त्या बंद होतात यात कर्मचाऱ्यांची लबाडीच असते असं धरू नका. तुम्ही तक्रारीत लिहिता, ‘पोस्टर काढावे.’ तक्रार गाडीकडे जाते, दोन बिगारी येतात, पोस्टर ओरबाडून काढतात, मोकळ्या भिंतीचा फोटो टाकतात, तक्रार बंद. तुम्ही मागितलं ते तुम्हाला मिळालं. वाईट एवढंच की त्या पोस्टरबरोबर पुरावाही गाडीत जाऊन पडला. पंचनामा न करता काढलेल्या पोस्टरवर पुढे कुठलीच कारवाई उभी राहत नाही. तुमच्या रविवारच्या मोहिमेलाही हेच लागू आहे. स्वच्छता होते, पण लावणारा सुटतो. म्हणून क्रम बदला: आधी फोटो आणि नोंद, मग लेखी तक्रार, मग पालिकेचा पंचनामा, आणि त्यानंतर पोस्टर काढणं. सगळ्या पोस्टरांसाठी थांबायची गरज नाही. एका नंबरची चार-पाच पोस्टरं पंचनाम्यासाठी राहू द्या, बाकीची काढून टाका.

फोटो कसे काढता यावर पुष्कळ ठरतं. एका पोस्टरचे तीन फोटो हवेत. पहिला लांबून, ज्यात आजूबाजूच्या दुकानाची पाटी किंवा दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक दिसेल. दुसरा समोरून, मजकूर आणि नंबर वाचता येईल असा. तिसरा पोस्टरच्या खालच्या कडेचा. तिथे अगदी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव किंवा डिझाइन करणाऱ्याचा नंबर असतो, आणि लोक तेवढाच भाग कापून फोटो काढतात. फोटोवर तारीख-वेळ आणि स्थान उमटवणारी ॲप मोफत मिळतात, ती वापरा. फोटो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि आतली माहितीही जाते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा आणि पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मग एक साधी वही किंवा एक्सेलचा तक्ता करा: फोन नंबर, जाहिरातीचं नाव, कुठे, कधी दिसलं. यात महत्त्वाचं हे की यादी जागेप्रमाणे न करता नंबराप्रमाणे करायची. जागेप्रमाणे तक्रार केली की पालिका जागा साफ करते. नंबराप्रमाणे केली, म्हणजे ‘या एका संस्थेने या बारा ठिकाणी, या तारखांना पोस्टरं लावली’ असं मांडलं, की निरीक्षकाच्या टेबलावर एका संस्थेची फाइल तयार होते. तिच्यावर नोटीस काढणं त्याला सोपं जातं आणि टाळणं अवघड जातं.

पत्ता शोधताना फार हुशारी करायची गरज पडत नाही. क्लास असेल तर तो कुठेतरी भरतो, पीजी असेल तर इमारत आहेच. साधी चौकशी करायला जा आणि माहितीपत्रक घेऊन या. पोस्टरवरचा नंबर, बोधचिन्ह, ‘मर्यादित जागा’ ही ओळसुद्धा माहितीपत्रकावर जशीच्या तशी सापडते. तो कागद तक्रारीला जोडा. नोटीस गेल्यावर बचाव ठरलेले असतात. एक, ‘आम्ही एजन्सीला काम दिलं होतं, तिने कुठे लावली आम्हाला ठाऊक नाही.’ दुसऱ्याकरवी लावलं तरी कायद्यात ते येतंच, त्यामुळे हा बचाव टिकत नाही. दुसरा, ‘आम्हाला बदनाम करायला स्पर्धकाने लावली.’ हा क्वचित खराही असतो. म्हणून पहिल्या नोटिशीला मी फार महत्त्व देत असे. एकदा नोटीस पोचली की त्यानंतर लागलेल्या पोस्टरांबद्दल ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. तुमची सोसायटीही आपल्या लेटरहेडवर असं पत्र पाठवू शकते. भाषा नम्र ठेवा, फोटो जोडा, स्पीड पोस्टाने पाठवा. डबा देणाऱ्या ताई, शिवणक्लास, घरगुती शिकवणी असली बरीच मंडळी या पहिल्या पत्रावरच थांबतात. त्यांना अनेकदा हे बेकायदा आहे हेच माहीत नसतं.

ज्या पोस्टरवर नावगाव काहीच नाही, फक्त मोबाइल नंबर आहे, त्यांची गोष्ट निराळी. ‘आधार कार्डावर पाच मिनिटांत कर्ज’, ‘घरबसल्या महिना तीस हजार’ यांच्या मागे लागून पत्ता सापडत नाही, सिम बहुतेक भलत्याच कोणाच्या नावावर असतं. इथे एक फोटो ठेवा, पोस्टर लगेच काढा आणि नंबर पोलीस ठाण्याला लेखी कळवा. अशा नंबरावर चौकशीपुरताही फोन करू नका. तुमच्याकडे कोणी आधीच फसलं असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘उंची वाढवा’, ‘लैंगिक दौर्बल्यावर खात्रीशीर उपाय’ यांत तर मजकूरच गुन्हा आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात अशा आजारांच्या जाहिरातींना बंदी आहे, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. वशीकरण आणि करणी उतरवणाऱ्या बाबांची पोस्टरं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नजरेने पोलिसांना दाखवता येतात. या माणसांकडे अडचणीत सापडलेले लोकच जातात. एखाद्या सासुरवाशिणीने किंवा कर्जात बुडालेल्या माणसाने तो नंबर फिरवायच्या आत ते पोस्टर भिंतीवरून गेलं पाहिजे.

जागा कोणाची हे तक्रारीआधी बघा, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. दिव्याचे खांब आणि दुभाजक बहुधा महापालिकेचे, फीडर पिलर महावितरणचे, बसथांबे पीएमपीचे, वाहतुकीच्या पाट्यांसाठी वाहतूक शाखेलाही प्रत द्यावी, झाडांसाठी उद्यान विभाग. रेल्वेची, संरक्षण खात्याची किंवा महामार्गाची जमीन असेल तर आणखी वेगळं. ही ‘जागा आमची नाही’ची पळवाट किती महाग पडते ते १३ मे २०२४ ला घाटकोपरला दिसलं. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलेलं ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, मुंबईत मर्यादा ४० बाय ४० ची. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली होती आणि महापालिकेची परवानगी घेतलेली नव्हती. सतरा माणसं गेली. तुमची पोस्टरं कागदाची आहेत, त्यांनी कोणी मरत नाही, हे खरं. पण ‘हे कोणाच्या अखत्यारीत’ हा प्रश्न छोट्या पोस्टरापासूनच अनुत्तरित ठेवायची सवय लागते. माझा सल्ला असा की अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे करा आणि ज्याची जागा त्या खात्याला प्रत द्या. दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवायला जागा ठेवू नका.

पोस्टर काढण्याबद्दलही थोडं लिहिते, कारण यात लोक स्वतःला इजा करून घेतात. फीडर पिलरवर पाणी मारून लोखंडी पट्टीने खरवडायचा विचारही करू नका, ते महावितरणच्या माणसांचं काम आहे. भिंतीवरचं खळीचं पोस्टर कोमट पाण्याचा फवारा मारून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. जुन्या भिंतीवर पोस्टरांचे थरावर थर बसून पुठ्ठ्यासारखा जाड पापुद्रा झालेला असतो. तो एका कोपऱ्यातून लांबी (पुट्टी) भरायच्या पट्टीने उचलला की पुष्कळदा अख्खा सुटून येतो, खाली तीन-चार वर्षांपूर्वीच्या दहावी-बारावीच्या ‘शंभर टक्के निकाला’च्या जाहिराती निघतात. कोरडंच ओरबाडलं तर रंग जातो आणि कागदाचे तुकडे राहतात. दुहेरी चिकटपट्टीचा डिंक राहिला तर थोडं खाद्यतेल लावून ठेवा आणि मग पुसा. भिजलेला लगदा गोळा करून कचऱ्यात द्या, गटारात सारू नका, पावसाळ्यात तोच जाळीला बसतो.

झाडांवरचे खिळे हा माझ्या मनाला फार लागणारा विषय. सालीच्या आतल्या ज्या थरातून झाडाची वाढ होते तिथेच खिळा घुसतो. गंज चढतो, पाणी मुरतं, तिथून बुरशी आणि कीड आत शिरते. एकेका कडुनिंबावर चाळीस-चाळीस खिळे, त्यांवर स्टेपलच्या पिना, वर बाइंडिंग वायरचा फास, हे तुम्हीही पाहिलं असेल. तो फास तर झाड जाड होत जातं तसा सालीत रुतत जातो. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे, त्याचा उल्लेख तक्रारीत करा. पुण्यात खिळेमुक्त झाडांसाठी स्वयंसेवकांनी मोहिमा केल्या आहेत, त्यांत सामील होता आलं तर व्हा. वर आलेला खिळा जंबुराने सरळ ओढून काढावा. सालीने गिळलेला खिळा उकरू नये, खिळ्यापेक्षा त्या उकरण्याने जास्त जखम होते. तारा मात्र जरूर कापा.

सोसायटीची भिंत तुमच्या मालकीची आहे, त्यामुळे तिथे तुमचे हात मोकळे आहेत. गुळगुळीत, फिका रंग दिलेली लांब भिंत पोस्टरवाल्याला सर्वांत आवडते. खडबडीत गिलावा केला, वेल चढवला किंवा शाळेच्या मुलांकडून चित्रं काढून घेतली तर पोस्टरं खूप कमी होतात. भिंतीवर उजेड पडेल असा दिवाही कामाला येतो. देवादिकांच्या टाइल्स लावू नका. थुंकणाऱ्यांसाठी लोक त्या लावतात, पण देवाला भिंतीची राखण करायला बसवणं मला बरं वाटत नाही, आणि शेजारी हात-दोन हात सोडून पोस्टर लागतंच. रंगवलेल्या भिंतीवर पहिलं पोस्टर लागलं की ते त्याच दिवशी काढायचं, एवढी शिस्त मात्र हवी. एक टिकलं की बाकीच्यांना परवानगी मिळाल्यासारखं होतं.

आणि ज्यांची गरज खरी आहे त्यांना जागा द्या. खोली शोधणारा विद्यार्थी, डबा देणारी बाई, हरवलेलं मांजर शोधणारी मुलगी, यांनी कुठे सांगायचं? सोसायटीच्या फाटकाच्या आत किंवा दोन-तीन सोसायट्यांनी मिळून एक सूचनाफलक ठेवा. काच लावलेला, कुलूप असलेला. चिठ्ठीवर तारीख, पंधरा दिवसांनी काढायची. बाहेर पदपथावर ठेवायचा असेल तर पालिकेची लेखी परवानगी घ्या. माझ्या पाहण्यात जिथे असा फलक नीट चालवला, तिथे खांबांवरच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या जवळपास बंद झाल्या, आणि उरलेल्यांवर कारवाई करताना कोणाचं पोट मारतोय असंही वाटलं नाही.

तुमच्या सभासदांच्या दोन सूचनांबद्दल. नंबरावर फोन करून हैराण करणं नको. नंबर चुकीचा छापलेला असू शकतो, कोणीतरी सूडाने दुसऱ्याचा नंबर टाकलेला असू शकतो, आणि सतत फोन केल्याची तक्रार तुमच्याविरुद्धच होऊ शकते. ते नंबर परिसराच्या ग्रुपवर टाकून ‘यांना धडा शिकवा’ असं लिहिणंही नको. ‘बेकायदा’ असा स्टिकर म्हणजे त्याच खांबावर आणखी एक विनापरवाना कागद. तुमची तक्रार वाचणारा अधिकारी सगळ्यांत आधी तोच दाखवेल. पोस्टर लावताना एखादा मुलगा सापडला तर त्याला मारहाण करू नका, कोंडून ठेवू नका. गठ्ठ्यामागे चार पैसे मिळतात म्हणून तो पहाटे फिरतो. नाव विचारा, कोणी काम दिलं ते विचारा, शक्य असेल तर गठ्ठ्याचा फोटो घ्या, आणि ११२ ला फोन करायचा असेल तर करा. खटला त्या मुलावर होऊन थांबला, तर ज्याने पैसे दिले तो सुटतो.

चौकातल्या राजकीय फ्लेक्सबद्दल मी हात राखून बोलणार नाही, पण सांभाळून राहा असं जरूर सांगेन. इथे परिस्थितीवर खूप काही अवलंबून आहे: वॉर्डातलं वातावरण कसं आहे, तुमच्यापैकी किती जण बरोबर उभे राहतील. एकट्याच्या सहीने तक्रार करू नका. पाच-सात सोसायट्यांच्या सह्यांचं पत्र द्या. सुस्वराज्य फाउंडेशन आणि इतरांच्या जनहित याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला दिलेला निकाल त्यात नमूद करा. तक्रारींसाठी यंत्रणा, जबाबदार नोडल अधिकारी, काढायला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना पोलीस संरक्षण, असे आदेश त्यात आहेत. हे संरक्षण किती लागतं ते मला विचारा. फ्लेक्स उतरवताना ‘भाऊंचा आहे, हात लावून दाखवा’ म्हणणारे दहा जण जमतात, आणि बिगाऱ्याला दुसऱ्या दिवशीही त्याच गल्लीत काम करायचं असतं. म्हणून तुम्ही स्वतः शिडी लावून फ्लेक्स कापू नका. बांबूचा सांगाडा अंगावर येतो ते वेगळंच.

फ्लेक्सच्या बाबतीत माहिती अधिकार सर्वांत उपयोगी. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ‘अमुक चौकात अमुक तारखांना जाहिरातीसाठी दिलेल्या परवानग्यांची यादी, शुल्काच्या पावत्या, विनापरवाना फलकांवर केलेली कारवाई व वसूल दंड’ एवढंच विचारा. यादी कोरी आली की चौकातला प्रत्येक फ्लेक्स बेकायदा होता हे पालिकेनेच लेखी दिलं. ‘पीव्हीसीला बंदी आहे ना’ असं काही जण म्हणतात. १ जुलै २०२२ पासूनची ती बंदी १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनरना आहे, फ्लेक्स सहसा त्याहून जाड असतो, त्या वाटेने फार काही साधत नाही.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत मात्र घड्याळ तुमच्या बाजूने असतं. कार्यक्रम जाहीर झाल्यापासून सरकारी मालमत्तेवरची प्रचारसामग्री २४ तासांत, बसथांबे-खांब अशा सार्वजनिक जागांवरची ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरची विनापरवाना ७२ तासांत काढावी लागते. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार ॲपवर फोटो टाकला की १०० मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे प्रचाराच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा त्या काळातल्या तक्रारी त्याच्या आचारसंहिता कक्षाकडे करा.

फायदा घेणाऱ्यालाच धरलं की काय होतं याचं मला आवडणारं उदाहरण दिल्लीचं आहे. २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेची निवडणूक झाली. मतदान २७ सप्टेंबरला झालं. भिंती, मेट्रो स्थानकं, बसथांबे पोस्टरांनी आणि रंगवलेल्या नावांनी भरले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, शहर साफ झाल्याशिवाय मतमोजणी नाही. निकाल २५ नोव्हेंबरला लागला. मधल्या काळात उमेदवारांना स्वच्छता आणि रंगकाम करावं लागलं. त्यांना निकाल हवा होता आणि न्यायालयाने नेमका तोच अडवून धरला. तुमच्या वॉर्डात एवढी ताकद कोणाच्या हातात नाही, पण क्लासवाल्याला प्रवेशाच्या हंगामात, म्हणजे एप्रिल ते जून, आपल्या नावाची नोटीस नको असते. तुमच्या तक्रारी त्या दिवसांत पोचतील असं बघा.

किती दिवसांत फरक पडेल? फक्त साफसफाई केली तर कधीच नाही. नंबराप्रमाणे तक्रारी लावून धरल्या तर एका हंगामात स्थानिक व्यावसायिकांची पोस्टरं निम्म्याने तरी कमी व्हावीत, असं मी अनुभवावरून म्हणते. फसव्या जाहिराती त्यानेही थांबणार नाहीत, त्या रोज काढाव्या लागतील. राजकीय फ्लेक्स अधिकाऱ्यावर आणि तुमच्या चिकाटीवर. आणि एक मदत करा. निरीक्षकाला पंच मिळत नाहीत, म्हणून पंचनामे अडतात. दुकानदार सही द्यायला घाबरतो, वाटसरूला वेळ नसतो. तुमच्यातल्या दोन निवृत्त सभासदांनी ‘आम्ही पंच म्हणून येतो’ असं लिहून दिलं तर तो निरीक्षक तुमच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने बघेल. पंचनाम्यात जागा, वेळ, आकार, कशावर आणि कशाने लावलं, मजकूर जसाच्या तसा, एवढं आलंय ना ते वाचून मगच सही करा.

अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

‘प्रति, सहायक आयुक्त, … क्षेत्रीय कार्यालय. विषय: … या संस्थेने विनापरवाना लावलेल्या पोस्टरांबाबत लाभार्थ्यावर कारवाई होणेबाबत. महोदय, वरील संस्थेच्या (मोबाइल क्र. …) जाहिराती सोबतच्या तक्त्यातील ठिकाणी व तारखांना लावलेल्या आढळल्या. छायाचित्रे व संस्थेचे माहितीपत्रक जोडले आहे. या जाहिरातींना आपल्या कार्यालयाची परवानगी आहे काय, असल्यास तिचा क्रमांक कळवावा. नसल्यास जाहिराती काढण्यापूर्वी पंचनामा करून महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ च्या कलम ३ अन्वये लाभार्थी संस्था व तिच्या संचालकांवर कारवाई करावी व केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी. पंच म्हणून आमचे दोन सभासद उपस्थित राहण्यास तयार आहेत.’

खाली अध्यक्ष आणि सचिव अशा दोघांच्या सह्या, सोसायटीचा शिक्का, आणि आकाशचिन्ह विभागाला व पोलीस ठाण्याला प्रत. ॲपवरही तक्रार करा, पण त्यात याच अर्जाचा संदर्भ द्या. अर्ज दोन प्रतींत न्या, तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच आवक क्रमांकावर काय कारवाई झाली ते माहिती अधिकारात विचारा.